गुडघेदुखी आणि दमा: पॅरासिटामॉल की डायक्लोफेनॅक?

गुडघ्याची झीज आणि दमा किंवा सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा फुप्फुसविकार) एकत्र असेल, तर सुरुवात पॅरासिटामॉलने करणे बरे. ५०० मिलिग्रॅमची गोळी, दोन डोसांत किमान ६ तास. वजन कमी, यकृत कमकुवत किंवा रोजचे मद्यपान असेल तर दिवसाची मर्यादा डॉक्टरांकडून ठरवून घ्या. आराम मात्र बेताचाच, सूज उतरत नाही.

डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन सूजही उतरवतात. पण काही दमेकऱ्यांत, विशेषतः नाकात पॉलिप (मऊ गाठी) असलेल्यांत, या औषधांनी ल्युकोट्राईन ही श्वासनलिका आवळणारी शरीरातील रसायने वाढतात आणि गोळीनंतर अर्ध्या ते तीन तासांत श्वासनलिका आवळतात. ॲस्पिरिनने कधी धाप लागली असेल तर या गोळ्या नकोतच. अशांनी डायक्लोफेनॅकचे जेलही विचारल्याशिवाय चोळू नये. इतरांना, दुखणे एकदोन सांध्यांपुरते असेल, तर जेल गोळीपेक्षा उजवे, कारण रक्तात फार थोडे औषध उतरते. सीओपीडीसाठी प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड चालू असताना डायक्लोफेनॅकची गोळी घेतल्यास जठरात व्रण होऊन रक्तस्रावाचा धोका वाढतो.

खरी फसगत जोडगोळ्यांची. 'साधी दुखण्याची गोळी' मागितली की पुष्कळदा पॅरासिटामॉल आणि डायक्लोफेनॅक दोन्ही एकत्र असलेली हाती पडते. पाकिटामागचे घटक वाचाच. सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असते, तेही हिशेबात धरा.