कंबरेच्या मणक्यांमधील गादीसाठी (डिस्कसाठी) रिजनरेटिव्ह उपचार : पुण्यातील एका क्लिनिकमधील पात्रता-तपासणी

दोन वर्षांच्या कंबरदुखीनंतर मी पुण्यातील एका स्पाइन क्लिनिकमध्ये गेलो, तेव्हा थेट रिजनरेटिव्ह, म्हणजे गादीची झीज भरून काढण्याच्या उद्देशाने दिल्या जाणाऱ्या, इंजेक्शनची तारीख मिळेल असे वाटले होते; प्रत्यक्षात पहिला पाऊण तास केवळ प्रश्नोत्तरांत गेला, आणि माझ्या मते तीच तेथील सर्वांत मोलाची सेवा आहे. बसल्यावर किंवा वाकल्यावर दुखणे वाढते का, कळ पायात उतरते का, लघवीवरील ताबा सुटतो का, फिजिओथेरपी सलग किती महिने केली, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का, हे सारे डॉक्टरांनी एमआरआय पाहण्यापूर्वी विचारले. कसलाच त्रास नसलेल्या माणसांच्या एमआरआयमध्येही झिजलेल्या गाद्या दिसतात, त्यामुळे नुसत्या चित्रावरून पात्रता ठरत नाही, हे त्यांचे स्पष्टीकरण पटले. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फिरमान वर्गीकरणात एमआरआयवर दिसणाऱ्या झिजेनुसार गादीच्या ५ श्रेणी आहेत. माझी तिसरी, म्हणजे उंची बऱ्यापैकी टिकलेली. पाचव्या श्रेणीतील पूर्ण बसलेल्या गादीसाठी ते इंजेक्शन सुचवत नाहीत.

पीआरपीचा, म्हणजे स्वतःच्याच रक्तातील प्लेटलेट्सचा, पर्याय सांगताना त्याचा पुरावा अजून मर्यादित असल्याचे त्यांनी लपवले नाही. स्टेम सेलबाबत (मूळ पेशींबाबत) उत्तर अधिक थेट होते : आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पाठदुखीसाठी तो उपचार मंजूर क्लिनिकल चाचणीबाहेर देता येत नाही. (जाहिराती मात्र वेगळेच सांगतात.)

खर्चाचा लेखी अंदाज दोनदा मागूनही मिळाला नाही, ही उणीव खटकली. सध्या मला १२ आठवड्यांचा व्यायाम देऊन परत पाठवले आहे.