लगक्रम मांडावा की कविता मोठ्याने वाचावी?

कवितेचं विश्लेषण करायला बसलं की हा पेच पडतोच. लगक्रम म्हणजे ओळीतल्या लघू (‘ल’, आखूड उच्चाराच्या) आणि गुरू (‘गा’, लांब उच्चाराच्या) अक्षरांचा क्रम. वेळ पाहिला तर वाचन सरस. दोनदा वाचलं की चाल लागते. अचूकपणात मात्र मांडणीला तोड नाही. ‘सत्य’मधला ‘स’ दिसायला लघू, पण पुढच्या जोडाक्षराच्या आघाताने गुरू होतो. नवख्या कानातून हे सहज निसटतं. ओळीत ‘लगागा’ चारदा आलं, 12 अक्षरं भरली, की भुजंगप्रयात हे वृत्त पक्कं. अभंगात लगक्रम मांडणं म्हणजे उगाच शीण. तिथे अक्षरं मोजा: मोठ्या अभंगात 6-6-6-4, यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणांत. पुनरावृत्ती कागदावर नुसती सारखी दिसते. तिसऱ्यांदा आलेल्या ध्रुवपदाचा सूर बदलला का, हे वाचूनच कळतं. वृत्त ओळखायचं असेल तर पेन्सिल घ्या. रसग्रहण लिहायचं असेल तर आधी मोठ्याने वाचा.