पाच पायांचे पहारेकरी: ब्रिटिश म्युझियमची अ‍ॅसिरियन दालनं

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये बहुतेक जण ममी आणि रोझेटा स्टोन बघण्यातच दमून जातात. माझं ऐकाल तर अंगात उत्साह असताना आधी अ‍ॅसिरियन दालनं, म्हणजे प्राचीन इराकमधल्या अ‍ॅसिरिया साम्राज्याच्या शिल्पांची दालनं गाठा. मी मूर्तिकाम शिकले आहे, त्यामुळे दगडापुढे माझा पाय तसाही निघत नाही. पण खोर्साबादच्या लमासूंपुढे, म्हणजे दारावरच्या पंखवाल्या दगडी पहारेकऱ्यांपुढे, कुणीही थबकेल.

अंग बैलाचं, पंख गरुडाचे, चेहरा दाढीवाल्या माणसाचा. इ.स.पू. ७२१ ते ७०५ या काळात राज्य करणाऱ्या दुसऱ्या सारगॉनच्या राजधानीतली ही जोडी चार मीटरहून उंच आहे. समोरून बघा, दोन पाय जुळवून ठाम उभे. बाजूने बघा, चार पायांनी चालताहेत. सगळे मोजले तर पाच! कोपऱ्यावरचा पाय दोन्हीकडून कामी आलाय. कोरताना किती आधी हा हिशेब मांडला असेल, या विचाराने मी बराच वेळ नुसती त्या कोपऱ्याशी उभी होते. मग खाली वाकून चौथरा न्याहाळा. तिथे २० घरांच्या खेळाचा पट ओरखडून काढलेला आहे, बहुधा दारावरच्या शिपायांनी.

निनवे या अ‍ॅसिरियाच्या नंतरच्या राजधानीतल्या राजवाड्यांची शिल्पं बघताना उगल्लू नावाच्या राक्षसाला शोधा. सिंहाचं डोकं, गाढवाचे कान, पक्ष्याचे पाय, एका हातात उगारलेला खंजीर, दुसऱ्यात गदा. ‘एनूमा एलिश’ या बॅबिलोनच्या सृष्टिकथेत आदिम समुद्राची देवी तिआमत इतर देवांशी लढायला जे ११ अक्राळविक्राळ जीव निर्माण करते, त्यांतलाच हा एक. बॅबिलोनचा मुख्य देव मार्दुक त्या सगळ्यांना जिंकतो. आणि हाच उगल्लू पुढे राजाच्या दारावर पहारा देतो, वाईट शक्तींना आत येऊ देत नाही. आपल्या किल्ल्यांच्या दरवाजांवरचे शरभ आठवतात ना? पाझुझू या दुसऱ्या राक्षसाचंही तसंच. तो स्वतः दुष्ट वाऱ्यांचा राजा, पण बाळ-बाळंतिणीच्या मुळावर उठणाऱ्या लमाश्तू या राक्षसिणीला पळवून लावायचा, म्हणून त्याच्या मुंडक्याचे ताईत करत. मला ही कल्पना फार आवडते: भयंकराला हाकलायला त्याहून भयंकर हवा, आणि तो आपल्या बाजूने हवा.

कायमच्या दालनांना तिकीट नाही. शुक्रवारी रात्री ८.३० पर्यंत उघडं असतं, तेव्हा निवांत बघता येतं. वही-पेन्सिल जरूर न्या. पंखांवरची पिसं ओळीने काढून बघा, छिन्नी कुठे थांबली नि कुठे वळली ते तेव्हाच कळतं.