दहा मीटर नेमबाजीच्या एअर रायफलचे पेलेट घेतले, नागपूरच्या सीताबर्डीतून
घरी काडतूस भरायला आपल्याकडे लायसन लागते, पण पोरीच्या एअर रायफलला काडतूस लागतच नाही, म्हणून मी पेलेटवरच, म्हणजे शिशाच्या छोट्या गोळ्यांवरच, जीव लावला. सीताबर्डीच्या दुकानातून सपाट तोंडाचे ४.५ मिमीचे दोन डबे आणले, दुकानदार भाऊ स्वतःहून म्हणाले आधी ४.४९ अन् ४.५० दोन्ही हेड साइज (पेलेटच्या डोक्याची जाडी, मिमीत) मारून पाहा, रायफलला जे मानवेल तेच घ्या, हे लय पटलं मला. टार्गेटवरचा दहा गुणांचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असते बाप्पा! ४.५० चे पाच पेलेट मारले, पाचही जवळपास एकाच भोकात गेले. एका डब्यात सात-आठ पेलेटचे स्कर्ट (मागची पोकळ कडा) चेपलेले निघाले, ते मी वेगळे काढले. अन् हे शिसं आहे, प्रॅक्टिस झाली की पोरांचे हात साबणानं धुवाच, मगच टिफिन.