जीपचे फायबरचे मडगार्ड: दहा महिन्यांनंतर

रत्नागिरीची खारी हवा पत्रा खाते. वडिलांच्या जुन्या जीपच्या डाव्या मडगार्डला दोनदा ठिगळ मारून झालं. दोन्ही वेळा वेल्डिंगच्या कडेनेच पुन्हा गंज फुटला. इकडे मिरकरवाडा बंदरात फायबरच्या (काचेचे तंतू आणि रेझिनच्या) होड्या वर्षानुवर्षं खाऱ्या पाण्यात टिकतात. मग होड्या दुरुस्त करणाऱ्या एका काकांकडे चार रविवार बसलो आणि मे महिन्यात घरीच मडगार्ड केलं.

जुन्या मडगार्डाची भोकं पुटीने बुजवली, घासून मेणाचे पाच हात दिले आणि त्यावरच साचा काढला. आठवडाभर तो पक्का होऊ दिला. मग साच्यात आधी जेलकोट (बाहेरचा गुळगुळीत थर), त्यावर रेझिनात, म्हणजे घट्ट होणाऱ्या चिकट द्रवात, भिजवलेल्या मॅट, म्हणजे काचेच्या तंतूंच्या चादरी: चौरस मीटरला 300 ग्रॅमची एक आणि 450 ग्रॅमच्या दोन. जाडी साधारण 3 मिलिमीटर भरली. काका एकच गोष्ट पुन्हापुन्हा सांगायचे: "ताकद काचेत असते, रेझिनात नाही." मॅटच्या वजनाच्या अडीच पट रेझिन पुरतं. म्हणजे या तीन थरांच्या एका चौरस मीटरला 1200 ग्रॅम मॅट आणि 3 किलो रेझिन. त्याहून जास्त ओतलं की तुकडा जड होतो आणि तडकतो. मेच्या उन्हात हार्डनर (रेझिन घट्ट करणारं रसायन) एक टक्काच घातला, तरी मग्ग्यात उरलेलं रेझिन बघता बघता तापून घट्ट झालं. थोडं थोडंच कालवा.

एक मात्र जिवाचं सांगतो. कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट व्हावं म्हणून घालायचं द्रव) आणि हार्डनर थेट एकत्र करू नका, भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनात पूर्ण मिसळायचं, हार्डनर नंतर. हार्डनरचा एक थेंबही डोळा कायमचा घालवू शकतो, म्हणून सुरक्षा चष्म्याशिवाय बाटली उघडायची नाही.

उजवं मडगार्ड घाईने जूनमध्ये केलं आणि ते वाया गेलं. मॅटने ओल धरली होती. थर पांढुरके राहिले, नखाने उचलता येत होते. ऑक्टोबरात ऊन पडल्यावर नवं केलं.

बसवल्यावर पहिलाच घोळ दिव्यांचा झाला. पार्किंग लाइट आणि इंडिकेटर पेटेनात. दोन संध्याकाळी बल्ब आणि होल्डर तपासत बसलो. पत्र्याच्या मडगार्डातून दिव्यांना अर्थिंग (वीज परत जायची वाट) आपोआप मिळत होतं, फायबरमधून वीज जात नाही! प्रत्येक दिव्यापासून चेसिसला वेगळी वायर ओढली आणि काम झालं.

डाव्या मडगार्डाने पूर्ण पावसाळा काढला. गंजाचा प्रश्नच नाही, चिखल धुतला की लख्ख. पण सप्टेंबरात बोल्टांभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा दिसल्या. चूक माझी: लहान वॉशर घालून बोल्ट करकचून आवळले होते. आतून घासून त्या जागी मॅटचे आणखी दोन थर दिले, भोकं किंचित मोठी केली, रबर घालून रुंद वॉशर लावले. तेव्हापासून नवी चीर नाही. उजव्याला हे पहिल्यापासूनच केलं, ते अजून जसंच्या तसं आहे.

माझ्या मते किनाऱ्यावरच्या गाडीला मडगार्डासाठी याहून चांगला इलाज नाही. बॉनेट मात्र मी या रेझिनात करणार नाही; इंजिनाच्या उष्णतेत ते मऊ पडतं.