रिलेचा टक् आणि माझे आठ महिने

ॲम्प (गाण्यांचा ॲम्प्लिफायर) घेऊन आठ महिने झाले. आवाज, वॅट वगैरे सगळ्यांना माहितीये, त्यावर बोलत नाही. मला बोलायचंय ते त्या 'टक्'वर. पॉवर ऑन केला की चार सेकंद शांतता, मग आतला रिले (स्पीकर जोडणारा-तोडणारा विजेवर चालणारा स्विच) टक् करणार आणि मग आवाज. सुरुवातीला जाम वैताग यायचा, वाटायचं काय हे, गाणं लावायला पण परवानगी लागते.

सहाव्या महिन्यात एक दिवस टक् आलाच नाही. सर्व्हिसवाला म्हणे पूर्ण बोर्ड बदला, आणि आकडा असा सांगितला की नवीनच घेतला असता. म्हटलं राहू दे, स्वतः उघडतो.

मेन्सच्या सिरीजमध्ये 60 वॅटचा जुना फिलामेंटवाला बल्ब लावला. बल्ब भक्कन पेटून मंद व्हायला हवा, हा पेटलेलाच राहिला, म्हणजे शॉर्ट. मोठे कपॅसिटर रेझिस्टरमधून डिस्चार्ज केले (स्क्रूड्रायव्हर टेकवायचा शहाणपणा करू नका) आणि मीटर लावला, तर डाव्या चॅनेलचे दोन्ही आउटपुट ट्रान्झिस्टर कलेक्टर-एमिटर सरळ शॉर्ट. मूळ कारण काय, तर बायसचा (गाणं नसतानाही ट्रान्झिस्टरमधून वाहणारा थोडासा करंट) टीचभर प्रीसेट, म्हणजे तो करंट सेट करायचा स्क्रूवाला छोटा रेझिस्टर! त्याचा आतला कॉन्टॅक्ट सुटला, बायस चढला, ट्रान्झिस्टर तापून गेले. नुसते ट्रान्झिस्टर बदलले असते तर नवे पण गेले असते.

आणि इथे माझं मत फिरलं. बिघाड होता म्हणून रिलेने स्पीकर जोडलाच नाही, त्यामुळे स्पीकरवर डीसी (एकाच दिशेचा करंट) गेला नाही, नाहीतर स्पीकरमधली व्हॉइस कॉइल (तारेचं वेटोळं) जळाली असती. ज्याला सहा महिने शिव्या घातल्या त्यानेच वाचवलं.

प्रीसेट आणि ट्रान्झिस्टर नवे टाकले, अभ्रकाचे वॉशर बदलले, पेस्ट लावली. बायस आधी एकदम कमी, मग बल्ब काढून 0.22 ओहमच्या एमिटर रेझिस्टरवर 11 मिलिव्होल्ट येईपर्यंत हळूहळू वाढवला, म्हणजे 50 मिलिॲम्पिअर. वीस मिनिटं तापू दिला आणि परत सेट केला. स्पीकर टर्मिनलवर डीसी 18 मिलिव्होल्ट, म्हणजे नगण्य, झकास.

पण कौतुक करून महिना नाही झाला तर डावा चॅनेल कमी आवाजात गायब, व्हॉल्यूम वाढवला की खर्र करून परत हजर. रिलेचे कॉन्टॅक्ट काळे पडलेले! शेवटी तोही बदलला. आता सगळं चालतंय, फक्त नवीन रिलेचा टक् बारीक येतो, जुन्याचा कसा भारदस्त होता.