मास्क, एक्झॉस्ट फॅन की हूड : वेल्डिंगच्या धुरावर आधी पैसे कशावर घालावेत?

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) फॅब्रिकेशनचं छोटं युनिट चालवत असाल, तर हा प्रश्न कधी ना कधी पडतोच. माझं मत पक्कं आहे : आधी हूड (कामाच्या जागेजवळ बसवायची, धूर ओढून घेणारी छत्री), मग मास्क. भिंतीतला एक्झॉस्ट फॅन यांपैकी कोणाचीच जागा घेत नाही.

काम चालू असताना वेल्डरकडे नीट बघा. तो जॉबवर, म्हणजे जोडायच्या तुकड्यावर, वाकलेला असतो. धूर सरळ वर चढतो, हेल्मेटखाली शिरतो आणि मगच छताकडे जातो. फॅनमुळे शेड मोकळी वाटते, पण वेल्डरच्या छातीत जायचं ते तोवर गेलेलं असतं.

मास्क स्वस्त आणि आजच्या आज मिळतो. एन-95 बारीक कण अडवतो. मात्र दाढी असली की कडेने हवा शिरते. रंगकामातल्या थिनरची वाफ तर आरपार जाते, तिच्यासाठी कार्बन कार्ट्रिजचा मास्क लागतो. आणि मे महिन्यात पत्र्याखाली आठ तास तो नाकावर कोण ठेवेल? दुपारी हनुवटीवर येतोच, त्यात कामगाराचा काय दोष!

हूड महाग पडतो. ब्लोअर, डक्ट, वर फिल्टरची साफसफाई. पण तो धूर उठतो तिथेच ओढून घेतो, कामगाराने काही लक्षात ठेवायची गरज नाही. 2025 पर्यंत लागू असलेल्या 1948 च्या कारखाना कायद्याचं कलम 14 हेच सांगायचं : धूळ-धूर जिथून निघतो, त्याच्या शक्य तितक्या जवळून खेचा. हे 'जवळून' फार महत्त्वाचं. हूडच्या तोंडापासून त्याच्या व्यासाइतकं लांब गेलात, तरी ओढ जेमतेम दहावा हिस्सा उरते. म्हणून घेण्याआधी तुमच्याच टेबलावर चालवून दाखवायला सांगा. जॉबच्या जागी उदबत्ती धरा. धूर हूडकडे वळला नाही, तर घेऊ नका.

स्टेनलेस स्टीलचं काम असेल तर टाळाटाळ नकोच. त्या धुरात निकेल आणि हेक्साव्हॅलंट क्रोमियम (क्रोमियमचं विषारी रूप) असतं. वेल्डिंगचा कुठलाही धूर कर्करोगकारक असल्याचा निष्कर्ष आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2017 मध्ये काढला आहे.

टाकीच्या आतलं वेल्डिंग मात्र वेगळं प्रकरण. वेल्डिंगला वापरतात तो आर्गॉन वायू हवेपेक्षा जड, तळाशी साचतो आणि ऑक्सिजन हटवतो. त्याला रंग नाही, वास नाही. फिल्टरचा मास्क ऑक्सिजन तयार करत नाही. तिथे ब्लोअरने ताजी हवा आत सोडा, मीटरवर ऑक्सिजन 19.5 टक्क्यांखाली असेल तर कोणालाही उतरू देऊ नका, आणि काम संपेपर्यंत मॅनहोलपाशी एक माणूस उभा ठेवा.